सुरूच्या सावलीतलं पातेलं

गुहागरहून मावशी, मावसबहीण आणि तिची दोन मुलं दिवाळीच्या सुट्टीत येणार म्हटल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले. मॉरिशस लांबीला साधारण 65 किलोमीटर आणि रुंदीला 45. सकाळी उत्तरेहून निघालं तर दुपारी दक्षिण टोक गाठता येतं. पाहुण्यांची पहिली फसगत होते ती या आकारामुळे. मी इथे बारा वर्षं राहते, तरी माझीही झाली.

पहिल्या दिवशी मी त्यांना पाम्प्लमूसची बाग, गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती असं सगळं एका दमात दाखवलं. बागेतल्या परातीएवढ्या कमळपानांपाशी मुलं रमली होती, त्यांना मी ओढून बाहेर काढलं. शामारेलच्या वळणांवर मावशीला गाडी लागली. दुपारचं जेवण आधीच पैसे भरून ठरवलेलं होतं. ते तीन वाजता मिळालं आणि त्यात पनीर, पिझ्झा आणि थंडगार भात होता. मावशी दोन घास खाऊन उठली. रात्री घरी आल्यावर तिने वरणभात मागितला आणि जेवता जेवता म्हणाली, "तुम्ही इथले लोक रोज काय खाता, ते दाखव ना गं."

दुसऱ्या दिवसापासून मी क्रमच बदलला. आधी जेवण कुठे आणि काय ते ठरवायचं, मग त्याच्या आसपास जे असेल ते बघायचं. इथली कुटुंबं आपल्या पाहुण्यांना अशीच फिरवतात.

म्हणून आम्ही पोर्ट लुईच्या मंडईत गेलो, डोलपुरी खायला. मावशी त्या गाड्यापाशी दहा मिनिटं उभी राहून नुसती बघत होती. डाळ बोटचेपी शिजवून, निथळून कोरडी वाटतात, तिच्यात हळद आणि जिरं घालतात. डाळीचं पाणी टाकून देत नाहीत, त्यातच मैदा भिजवतात. मग उंड्यात ती कोरडी डाळ भरून पोळी इतकी पातळ लाटतात की पलीकडचा हात दिसावा. "पुरणाचीच की, गुळाशिवाय," मावशी म्हणाली. डोलपुरीची नेहमी जोडी मिळते. दोन पोळ्यांवर डबल बीची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि चटणी घालतात. चटणीला इथे 'सातिनी' म्हणतात. गाडीवाला विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची घालू का? मग कागदात गुंडाळलेली ती सुरळी उभ्या उभ्या खायची. पाहुण्यांना डिशमध्ये काटा-चमच्याने डोलपुरी वाढणाऱ्या जागा आहेत, पण तिथे कुणाला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भाजीच्या गाळ्यांवर मावशीला आणखी गंमत वाटली. कोथिंबीर इथे 'कोतोमिली', दोडका 'पिपेंगाय', कढीपत्ता 'करीपुले' आणि शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरूम'. ही नावं तमिळ वळणाची आहेत, कारण ऊस तोडायला मजूर येण्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, फ्रेंचांनी पाँडिचेरीहून कारागीर आणले होते. डोलपुरी आली ती नंतर, बिहारच्या भोजपुरी भाषकांबरोबर. माशांचं 'विंदाय' पोर्तुगीज वळणाचं. गोव्याचं विंदालू आणि हे विंदाय एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. मासा तळून तो मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, त्यामुळे दोन-तीन दिवस टिकतो. मावशीने ते दुसऱ्या दिवशी, मुरल्यावर खाल्लं. तेव्हाच खरी चव लागते हे तिला सांगावं लागलं नाही.

मंडईपासून थोड्याच अंतरावर बंदराकाठी आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी संपत आली तेव्हा साखरेच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 1834 ते 1920 या काळात जवळपास 5 लाख माणसं याच बंदरात उतरली. त्यातली काही मुंबईहून जहाजात बसलेली, रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. 2006 साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मूळ इमारतींतलं थोडंच उरलंय. उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून आत गेली त्या मात्र आहेत. मुलं पायऱ्या मोजू लागली, आणि मावशी चपला काढून उभी राहिली.

आता समुद्राविषयी. आपल्याकडे पाहुणे आले की समुद्र एकच असतो, समोरचा. इथे रोज सकाळी आधी वारा बघायचा. वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारे येतात. पूर्वेचा बेल मारचा किनारा ते अंगावर घेतो. मधल्या पठारावर ढग अडतात, त्यामुळे क्युरपिपला पाऊस पडत असतो आणि त्याच वेळी पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला लख्ख ऊन असतं. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असली तर पश्चिम बरी. पाण्याचंही तसंच. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळांचं कडं आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आत कमरेएवढं शांत पाणी राहतं. वाळू पांढरी दिसते, कारण ती त्याच प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला हे कडं तुटलेलं आहे. तिथे महासागर सरळ काळ्या खडकावर येऊन आदळतो. मुलांना दोन्ही समुद्र दाखवले, आणि ग्री-ग्रीला पाण्यात पाय घालायचा नाही हे दरडावून सांगितलं.

रविवारी आम्ही फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो, शेजारच्या कुटुंबाबरोबर. किनाऱ्यालगतचा पट्टा फ्रेंच अमलापासून सरकारी राखीव आहे, त्यामुळे सार्वजनिक किनाऱ्यावर कुणीही सतरंजी पसरावी. रविवारी आख्ख्या बस भाड्याने करून कुटुंबं येतात. बसमध्येच रावान वाजायला लागतो. रावान म्हणजे कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य. गुलामांच्या वस्त्यांतून आलेला सेगा त्याच्यावर नाचतात. सावली सुरूच्या झाडांची. इथे त्यांना 'फिलाओ' म्हणतात. गाडीतून उतरल्याबरोबर मावशीने खाली पडलेल्या काड्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "आमच्याकडचं सुरूचं बन." पलीकडे रस्त्याकडेला गुलमोहर पेटला होता. दिवाळीत गुलमोहर बघून ती मात्र गोंधळली. दक्षिण गोलार्धात हा उन्हाळा, हे मुलांनीच तिला समजावलं.

शेजारच्या आजींनी भल्या मोठ्या 'देकती'तून बिर्याणी आणली होती. 'देकती' म्हणजे आपली डेगचीच. मावशीने करंज्यांचा डबा उघडला. मुलांनी अननसवाल्याकडून देठ धरून खायचे सोललेले अननस आणले, वर मीठ-तिखट लावलेले. बाजूच्या सतरंजीवरून कुणीतरी तळलेले 'गातो पिमां', म्हणजे डाळीचे वडे, कागदावर पुढे केले. आम्ही त्यांना करंज्या दिल्या. ओळखपाळख काही नव्हती.

आजींचं घराणं मराठी. घरात बोली क्रेऑल. आजी मराठी शाळेत शिकल्या, पण बोलताना शब्द शोधावे लागतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची जुनी नोंदणीपुस्तकं जपली आहेत. तिथून त्यांच्या नातवाने पणजोबांच्या नोंदीची प्रत काढून आणली होती. आजींनी ती पिशवीतून काढून मावशीच्या हातात दिली. त्यात नाव होतं, वय होतं, जहाज होतं. जिल्ह्याच्या जागी कारकुनाने त्याच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं, रटनागेरी. गावाची अक्षरं शाई फुटून गेली होती. मावशीने चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली, उजेडाकडे धरली, तरी लागेना.

"गणपतीत नाच करता का हो तुम्ही?" तिने विचारलं.

"झाकरी," आजी म्हणाल्या.

"जाखडी!" मावशी एकदम म्हणाली. मग दोघी त्या नाचातलं पाऊल कुठे पडतं यावर बोलत राहिल्या. अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी. आजींनी बसल्या बसल्या मांडीवर ताल धरला, मावशीने तो मध्येच थांबवून गुहागरचा दाखवला. दोन्ही थोडे वेगळे होते. पलीकडे रावान सुरूच होता.

निघताना मी देकती धुवायला घेतली तर मावशीने ती माझ्या हातातून काढून घेतली. उरलेल्या सात करंज्या तिने स्वच्छ कागदात बांधल्या, देकतीत ठेवल्या आणि वर झाकण लावून ती आजींच्या गाडीत नेऊन ठेवली.