प्रक्षेप्य गती व कक्षा
प्रक्षेप्य गती व कक्षा : फेकल्यानंतर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली होणाऱ्या गतीस प्रक्षेप्य गती म्हणतात. गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, हवेचा रोध वगळल्यास प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असतो, असे दाखविले. यात जमीन सपाट व गुरुत्वाकर्षणाची दिशा सर्वत्र एकच मानलेली आहे. वास्तविक हे आकर्षण पृथ्वीच्या मध्याकडे असते. त्यामुळे फेकलेल्या दगडाचा खरा मार्ग हा एका अतिशय लांबट विवृत्ताच्या टोकाचा लहानसा भाग होय. पृथ्वीचा मध्य या विवृत्ताच्या दूरच्या नाभीशी असतो. दगड जमिनीवर आदळतो म्हणूनच त्याची कक्षा अपुरी राहते.

न्यूटन यांच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उंच पर्वतावरून आडव्या फेकलेल्या गोळ्याचा विचार केलेला आहे. वेग वाढवीत गेल्यास गोळा अधिकाधिक दूर पडतो. पहिल्या सेकंदात तो सु. ४·९ मी. खाली येतो; पृथ्वीचा पृष्ठभागही ७·९ किमी. अंतरात स्पर्शरेषेपासून जवळजवळ तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून सेकंदाला सु. ७·९ किमी. वेगाने फेकलेला गोळा सतत पडत राहूनही जमीन गाठीत नाही. वेग याहून अधिक असल्यास कक्षा विवृत्ताकार होते, सु. ११·२ किमी. वेगाला गोळा परतच येत नाही. अर्थात कोणत्याही पर्वतावर हवा आड येतेच. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह रॉकेटाने दाट वातावरणाच्या वर नेऊनच कक्षेत सोडण्यात आला.

उपग्रहाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण नसते, हा समज चुकीचा आहे. ४०० किमी. उंचीवर ते भूपृष्ठावरील मूल्याच्या सु. ८९ टक्के असते. यान व अंतराळवीर बरोबरच पडत असल्यामुळे अंतराळवीरास वजन जाणवत नाही.