घराण्याला दोष नको, उपचार हवेत

कॉलेजात जाणारा, अभ्यासात बरा असलेला मुलगा हळूहळू अबोल होतो. मित्र तुटतात, झोप उडते, आंघोळीचीही आठवण करून द्यावी लागते. मग एके दिवशी तो म्हणतो, 'शेजारचे माझ्याविरुद्ध कट करताहेत.' आपल्याला आवाज ऐकू येतात असे सांगून तो एकटाच उत्तरे देऊ लागतो. घरचे 'बाहेरची बाधा' समजून देवऋषीकडे नेतात. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल,' असा सल्लाही मिळतो. यात मोलाचा काळ वाया जातो. हा स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असू शकतो.

हा मेंदूच्या कार्यातील बिघाडामुळे होणारा आजार आहे. आयुष्यात केव्हातरी तो सुमारे शंभरातील एकाला होतो. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास, तर स्त्रियांत थोडा उशिरा सुरू होतो. भास, निराधार संशय, असंबद्ध बोलणे, भावना बोथट होणे व कामात रस न उरणे ही त्याची प्रमुख लक्षणे.

रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून याचे निदान होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी व घरच्यांशी सविस्तर बोलून लक्षणे किती दिवसांची आहेत हे पाहतात. किमान महिनाभर ती टिकलेली असावी लागतात. फिट्स, थायरॉइडचे विकार, गांजा-दारूचे व्यसन अशी इतर कारणे नाहीत ना, याचीही खात्री केली जाते.

'मग हे आमच्या रक्तातच आहे का?' हा प्रश्न हमखास येतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरे. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. म्हणजेच दहापैकी नऊ मुले यातून सुटतात! एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरीही एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या आजाराशी निगडित २८७ जनुकीय ठिकाणे आढळली. प्रत्येकाचा वाटा अगदी लहान. त्यात गर्भारपणातील वा बाळंतपणातील गुंतागुंत, गांजाचे सेवन, आयुष्यातील मोठे आघात यांची भर पडते. म्हणून आईच्या संगोपनाला किंवा माहेरच्या घराण्याला बोल लावणे सर्वथा चुकीचे आहे.

औषधांनी बहुतेक रुग्णांना चांगला आराम पडतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके उत्तम. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण आहे. आत्महत्येची भाषा मुळीच दुर्लक्षू नये. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मधुमेह लपवून बरा होत नाही, तसा हा आजारही लपवून बरा होत नाही.