डनक्वीन : पश्चिम टोकावरील एक धर्मग्राम

युरोप खंडाचा नकाशा समोर ठेवा. इंग्लंडच्या पश्चिमेस, समुद्रापलीकडे आयर्लंड हे बेट दिसेल. त्याच्या नैर्ऋत्य भागात केरी हा परगणा आहे. तेथून डिंगल नावाचा चिंचोळा भूभाग एखाद्या बोटासारखा अटलांटिक महासागरात शिरला आहे. त्या बोटाच्या अगदी टोकाशी डनक्वीन वसले आहे.

डनक्वीन हे एकच गाव नव्हे. एक चर्च आणि त्याच्या भोवतालच्या वाड्या मिळून जो मुलूख होतो, त्यास ‘पॅरिश’ म्हणतात. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती समाजात त्यासाठी ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द रूढ आहे. समोरच्या समुद्रातील ब्लास्केट नावाची बेटेही याच धर्मग्रामात मोडतात. त्यांपैकी ग्रेट ब्लास्केट हे सर्वांत मोठे बेट किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे.

डनक्वीनच्या पाठीशी ५१६ मीटर उंचीचा माउंट ईगल हा डोंगर उभा आहे. समुद्रावरून खारा, बोचरा वारा सतत वाहत असल्यामुळे येथे मोठी झाडे फारशी वाढत नाहीत. जमीन खडकाळ आणि पाऊस भरपूर. पूर्वी लोक दगडी बांधांच्या आड बटाटे लावीत, मेंढ्या पाळीत आणि मासे धरीत. लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेले जाड कापड ताणून ते हलक्या होड्या बनवीत. किनाऱ्यावर आल्यावर अशी होडी पालथी करून चारदोन माणसे ती डोक्याखांद्यावरून वाहून नेत. सरपण दुर्मीळ असल्यामुळे दलदलीतील, कुजलेल्या वनस्पतींची दाट माती कापून वाळवीत व तीच चुलीत जाळीत.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढे काही वर्षे भीषण दुष्काळ माजला. सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळजवळ तितकेच देश सोडून गेले. परदेशात पोट भरावयाचे तर इंग्रजी आली पाहिजे, असे लोकांना वाटू लागले. शाळेतही इंग्रजीच शिकवीत. अशा रीतीने आयरिश ही देशाची मूळ भाषा घराघरांतून मागे पडत गेली. परंतु डनक्वीन आणि ब्लास्केट ही ठिकाणे फार आडबाजूला होती. त्यामुळे तेथे चुलीभोवतीच्या गोष्टी आयरिश भाषेतच चालू राहिल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही भाषा शिकण्यासाठी दूरदूरचे विद्वान येथे येऊ लागले. १९०७ साली नॉर्वेचे मार्सट्रँडर आले. पुढे इंग्लंडचे रॉबिन फ्लॉवर आले. ते ज्यांच्यापाशी शिकले, त्या टोमास ओ क्रोहन या कोळ्याने मोठेपणी मातृभाषा लिहिण्यास शिकून आपले जीवनचरित्र लिहिले. ते १९२९ साली प्रसिद्ध झाले. डनक्वीनमध्ये जन्मलेली पेग सेयर्स लग्नानंतर बेटावर राहावयास गेली. तिने आपली कहाणी तोंडाने सांगितली, मुलाने ती उतरवून घेतली आणि १९३६ साली तिचे पुस्तक झाले.

परंतु ज्या दुर्गमतेने भाषा राखली, तिनेच माणसांना जगणे कठीण केले. बेटावर ना डॉक्टर होता, ना दुकान. तरुण माणसे अमेरिकेची वाट धरीत. मुलेच उरली नाहीत, तेव्हा १९४१ साली बेटावरील शाळा बंद झाली. १९४७ साली वादळामुळे बेटावरील अन्न संपले, तेव्हा लोकांना सरकारकडे तारेने मदत मागावी लागली. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ रोजी बेट सोडण्यास प्रारंभ झाला. उरलेली माणसे बहुतेक समोरच्या डनक्वीनमध्येच वसली. घरासमोर उभे राहिले की आपले ओसाड गाव त्यांना रोज दिसे.

पुढे १९७० साली डनक्वीनवरही तीच वेळ आली. पटावरील मुले थोडी, म्हणून सरकारने तेथील शाळा बंद केली. गावकऱ्यांनी मात्र हे मान्य केले नाही. शाळा गेली की मुले जातात आणि मुलांमागोमाग भाषाही जाते, हे त्यांनी समुद्रापलीकडे डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी शाळा आपल्या बळावर चालू ठेवली आणि आपले गाऱ्हाणे थेट राजधानी डब्लिनपर्यंत नेले. शेवटी १९७३ साली सरकारने शाळा पुन्हा सुरू केली.

१९९३ साली डनक्वीनमध्ये ब्लास्केटच्या लोकांचे जीवन दाखविणारे एक केंद्र उघडले. पाहुणे ते पाहतात आणि समोरच्या बेटाकडे नजर टाकतात. दुर्गमतेने एकदा भाषा सांभाळली. दुसऱ्यांदा मात्र ती माणसांनीच सांभाळावी लागली.