रंगांचें माप घेण्यापूर्वीं

जुन्या काळचा सराफ सोनें तोलावयास बसला म्हणजे एकदम वजनें उचलीत नसे. आधीं तो दोन्ही पारडीं पुशी, तराजू वाऱ्यापासून आडोशाला घेई, रिकामीं पारडीं समतोल राहतात कीं नाहीं हें पाही, आणि काटा स्थिर झाला म्हणजेच सोन्यास हात लावी. या क्रमांत एखादी गोष्ट राहिली, तर वजनें खरीं असूनही तोल खोटा ठरे. संगणकाच्या पडद्यावरील रंगांचें माप घेण्याच्या कामासही हाच न्याय लागू पडतो.

आज छायाचित्रें पडद्यावर पाहून निवडलीं जातात, पुस्तकांचीं मुखपृष्ठें आणि लग्नपत्रिका पडद्यावरच जुळविल्या जातात, आणि पैठणीसारखें मोलाचें वस्त्रही पडद्यावरील चित्र पाहून विकत घेतलें जातें. हे सर्व व्यवहार एकाच विश्वासावर चालतात. तो असा कीं, पडदा जो रंग दाखवितो तोच खरा. समजा, एखाद्या छापखान्यांतील पडदा मुळांतच थोडा पिवळसर आहे. त्यावर काम करणाऱ्यास छायाचित्रांतील नवरीचा चेहरा पिवळट दिसतो, म्हणून तो चित्रांत निळा अंश वाढवितो. आतां त्याच्या डोळ्यांना चेहरा ठीक वाटतो. परंतु चित्र निर्दोष होतें. दोष पडद्याचा होता. छापलेल्या प्रतींत चेहरा निळसर उतरतो आणि सगळी छपाई वाया जाते. पडद्याचा दोष पडद्यापुरताच राहता, तर फारसें बिघडलें नसतें. तो उलटा होऊन कामांत शिरतो, आणि जेथें जेथें तें काम जाईल तेथें तेथें जातो, ही खरी हानि आहे.

येथें कोणी विचारील कीं, हा दोष डोळ्यांना कळत कसा नाहीं? त्याचें उत्तर डोळ्याच्या स्वभावांत आहे. कंदिलाच्या उजेडांत वहीचा कागद पांढरा दिसतो आणि भर दुपारीं अंगणांतही तो पांढराच दिसतो. वस्तुतः त्या दोन वेळीं कागदावरून येणारा प्रकाश अगदीं भिन्न असतो. डोळा मात्र त्या त्या उजेडाशीं जुळवून घेतो. हा गुण व्यवहारांत मोठा उपयोगी आहे, पण साक्षीदार म्हणून तो डोळ्याला अपात्र ठरवितो. म्हणून मापाची आवश्यकता आहे. इंग्लंडांत राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनीं अनेक माणसांकडून रंग जुळवून घेऊन प्रयोग केले, आणि त्यांच्या आधारें आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९३१ सालीं सामान्य मानवी दृष्टीचें एक प्रमाण ठरविलें. तेव्हांपासून कोणताही रंग आंकड्यांनीं सांगतां येऊं लागला. आजचीं रंगमापक यंत्रें त्याच पायावर उभीं आहेत.

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें असतें, आणि प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनीं बनतो. सामान्य पडद्यांत या प्रत्येक प्रकाशाला शून्यापासून २५५ पर्यंत पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणानें १ कोटि ६७ लक्षांहून अधिक रंग होतात. परंतु तोच आंकडा दोन निरनिराळ्या पडद्यांस दिला, तर रंग एकच उमटेल याची हमी नाहीं. यासाठीं १९९६ सालीं एचपी व मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनीं एसआरजीबी नांवाचें प्रमाण सुचविलें, व १९९९ सालीं त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांत पांढरा रंग सुमारें ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, धरलेला आहे. पायऱ्यांचा चढही ठरलेला असून त्यास गॅमा म्हणतात. तो सुमारें २.२ असतो. या चढामुळें १२८ हा मधला आंकडा दिला असतां पूर्ण प्रकाशाच्या निम्मा नव्हे, तर सुमारें एकपंचमांशच प्रकाश मिळतो.

पडदा अशा ठरलेल्या मापास आणून बसविणें याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यानंतर तो कोणता रंग कसा दाखवितो याची जी नोंद केली जाते, तिला प्रोफाइल असें नांव आहे. या नोंदींचें सर्वमान्य स्वरूप ठरविण्याकरितां १९९३ सालीं कांहीं कंपन्यांनीं एकत्र येऊन आयसीसी ही संस्था स्थापिली. यंत्र पडद्यावर टेकविलें जातें, पडदा एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवितो आणि यंत्र त्यांची नोंद घेत जातें. मात्र यंत्राला जें दिसतें तेंच तें मोजतें. तो प्रकाश पडद्याचा स्वाभाविक आहे, कीं दुसऱ्या कोणी मध्येंच बदललेला आहे, हें त्याला कळत नाहीं. म्हणून ढवळाढवळ करणारे सर्व हात आधींच दूर करावे लागतात. पूर्वतयारी म्हणतात ती हीच.

प्रथम खोलीकडे पहावें. पडद्यावर खिडकीचें ऊन किंवा दिव्याचा झोत पडूं देऊं नये. ज्या बेताच्या उजेडांत नेहमीं काम होतें, त्याच उजेडांत माप घ्यावें. पडद्यामागील भिंत करड्या किंवा फिक्या रंगाची असल्यास उत्तम. भडक भिंतीशेजारीं डोळा फसतो. पडद्यावरील धूळ व बोटांचे डाग मऊ कोरड्या फडक्यानें पुसावे. नंतर पडदा निदान अर्धा तास चालू ठेवावा. नुकत्याच लावलेल्या पडद्याचा उजेड आणि रंग स्थिरावण्यास वेळ लागतो. थंड पडद्याचें घेतलेलें माप तासाभरानें खोटें ठरूं शकतें.

यानंतर संगणकाकडे वळावें, कारण बहुतेक गफलती येथेंच होतात. संध्याकाळीं पडदा आपोआप पिवळसर करणारी सोय हल्लीं बहुतेक संगणकांत असते. विंडोजमध्यें तिला नाइट लाइट आणि ॲपलच्या संगणकांत नाइट शिफ्ट म्हणतात. झोपेच्या दृष्टीनें ती कोणी वापरीत असेल, पण मापाच्या वेळीं ती बंद हवी, आणि रंगांचें काम करतांनाही बंदच हवी. ॲपलच्या कांहीं संगणकांत खोलीच्या उजेडाप्रमाणें पडद्याचा रंग बदलणारी ट्रू टोन नांवाची सोय आहे. तीही बंद करावी. उजेड आपोआप कमीजास्त करणारी योजना थांबवावी. लॅपटॉप असेल तर तो विजेला जोडूनच ठेवावा, कारण बॅटरी वांचविण्यासाठीं कांहीं लॅपटॉप पडद्याचा प्रकाश आपण होऊन मंद करतात. मापाच्या मध्येंच पडदा झोपीं जाऊं नये किंवा एखादी सूचना चौकोनावर येऊन बसूं नये, याचाही बंदोबस्त करावा. रंग अधिक खुलविण्याची जी योजना चित्र पाठविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्रॅममध्यें असते, ती काढून टाकावी. पूर्वींचा एखादा कॅलिब्रेशनचा प्रोग्रॅम संगणकांत उरला असल्यास तोही बंद करावा. दोन कारभारी एकाच दप्तरांत लिहूं लागले, तर हिशेब कोणाचा हें समजत नाहीं.

तारेची एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दूरचित्रवाणीच्या प्रथेप्रमाणें कांहीं वेळां काळा रंग शून्याऐवजीं १६ पासून आणि पांढरा २५५ ऐवजीं २३५ पर्यंत धरला जातो. संगणक एक प्रथा पाळीत असेल आणि पडदा दुसरी, तर काळा रंग राखाडी दिसतो किंवा गडद छटा एकमेकींत बुडून जातात. एचडीएमआय तारेनें पडदा जोडला असल्यास दोहोंकडे एकच प्रथा आहे, याची आधीं खात्री करून घ्यावी.

मग पडद्याचीं स्वतःचीं बटणें. खेळ, सिनेमा, भडक अशीं जीं तयार रूपें कारखानदार देतात, तीं सोडून पडदा मूळ स्थितींत आणावा. चित्र पाहून काळ्यापांढऱ्यांतील अंतर आपोआप वाढविणारी योजना बंद करावी. उजेड शक्यतों पडद्याच्या बटणानेंच कमी करावा, संगणकांतून नव्हे. कारण संगणकांतून तो कमी केल्यास २५६ पायऱ्यांपैकीं कांहीं पायऱ्या फुकट जातात. एसआरजीबीच्या प्रमाणांत पांढऱ्या पडद्याचा प्रकाश चौरस मीटरला ८० कँडेला धरला आहे; छायाचित्रांचें काम करणारे पुष्कळ लोक तो १२० च्या आसपास ठेवतात. नव्या पडद्याचा उजेड बहुधा याहून बराच अधिक असतो. अशा पडद्यावर जें चित्र उजळ व प्रसन्न दिसतें, तेंच कागदावर अंधारलेलें उतरतें. छपाई काळवंडली अशी तक्रार येते, तिचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

अखेर यंत्र. त्याचें झांकण काढावें, पडदा किंचित् मागें कलता करावा आणि यंत्र त्यावर सपाट टेकेल असें ठेवावें. फट राहिली तर बाहेरचा उजेड आंत शिरतो. पडदा एलईडीचा आहे कीं ओएलईडीचा, हें मापाच्या प्रोग्रॅमला अचूक सांगावें. स्वस्त यंत्रें रंगीत गाळण्यांतून प्रकाश पाहतात, आणि प्रकाशाची जात चुकीची सांगितल्यास त्यांचा हिशेबही चुकतो. इतकें झाल्यावरच माप सुरू करावें आणि तें संपेपर्यंत कशासही हात लावूं नये.

माप झालें म्हणजे काम कायमचें संपलें असें मात्र नाहीं. नंतर कोणी पडद्याचें एखादें बटण फिरविलें, तर प्रोफाइल तत्काळ निरुपयोगी होते. कारण ती ज्या स्थितीची साक्ष देते, ती स्थितीच उरत नाहीं. पडदा वापरानें हळूहळू बदलतो, म्हणून महिन्यादोन महिन्यांनीं माप पुन्हां घ्यावें. शिवाय कॅलिब्रेशन पडद्याला नसलेले रंग देऊं शकत नाहीं. जे आहेत ते खरेपणानें दाखविण्यास लावतें, एवढेंच त्याचें कार्य आहे.

तरीही हें कार्य लहान नव्हे. पडद्यावर काम करणारा मनुष्य एकटा बसून काम करतो, पण त्याच्या चुकीचा भुर्दंड छापणाऱ्यास, विकणाऱ्यास आणि शेवटीं विश्वासानें पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास पडतो. महागडें यंत्र विकत घेऊन ही तयारी न करणें म्हणजे हलत्या तराजूंत खरीं वजनें टाकण्यासारखें आहे. उलट, यंत्र साधें असलें तरी तासभर संयमानें केलेली तयारी पुष्कळ वेळां अधिक खरें माप देते.