धुळ्याचा तुरुंग, मत्तयचा पाचवा अध्याय
धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, एकूण १८. ती टिपून घेतली साने गुरुजींनी. याच विनोबांनी पुढे बायबलमधले वेचे निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले.

त्याच बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो: वेदीपाशी आल्यावर भावाचा आपल्यावर राग आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. म्हणजे पहिले पाऊल दुखावणाऱ्याने उचलायचे; क्षमेच्या चर्चेत नेमके हेच निसटते.

दुखावणाऱ्यांनी असे पाऊल उचलल्याचे एक उदाहरण विनोबांच्याच आयुष्यात आहे: मे १९६०मध्ये चंबळच्या बागींनी, म्हणजे डाकूंनी, त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. खटले मात्र टळले नाहीत.