वरचं दूध बाळाच्या गळी उतरवताना

पहिले ६ महिने आईचं दूधच पुरेसं. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच, तर बाळ भुकेनं कासावीस होण्याआधी द्या. रडवेलं बाळ नवी चव घेत नाही. सुरुवातीला आजीनं किंवा बाबांनी पाजावं, आईच्या कुशीत ते तिचंच दूध शोधतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं. पण दर वेळी उकळून. बाळाला उभट धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्यानं तोंड उघडेपर्यंत वाट पाहा. मान फिरवली की थांबायचं. नाक दाबून पाजणं जिवावर बेतू शकतं, ते कधीच नको.

पावडर कालवायचं पाणीही पाहून घ्या. मालवण किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. उकळल्यानं जंतू मरतात, खारटपणा जात नाही. दुधासाठी गोडं पाणीच आणा. उकळलेलं पाणी ७० अंशांखाली जाण्याआधी पावडर घाला, मग कोमट करून मनगटावर थेंब टाकून पाहा. माप डब्यावरचंच, डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवू नका. उष्टं उरलेलं दूध ओतून द्या. पेज आणि नाचणीचं सत्त्व ६ महिन्यांनंतरच.

१९९२च्या कायद्यानं पावडरच्या डब्यांच्या जाहिरातीला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे.