अमेरिकेच्या यादवीतील खलाशी आणि आमच्या घरची वही

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाही. पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा, एवढेच काय ते आमचे मोठे पाणी. आणि उन्हाळ्यात त्यातही पुष्कळशी वाळूच असते. तेव्हा यवतमाळात बसून आम्ही आगबोटी आणि खलाशी यांवर लिहावयास घेतले हे पाहून वाचकांस हसू आले, तर तो दोष त्यांचा नव्हे. परंतु ज्या वाड्याच्या माजघरात बसून हे लिहीत आहोत, तो वाडा कशाच्या बळावर उभा राहिला याचा शोध घेता घेता आम्ही थेट अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचलो, त्यास आमचा इलाज नव्हता.

गेल्या दिवाळीस घरची सर्व मंडळी जमली असता कुलवृत्तान्त सिद्ध करण्याचा विचार निघाला. थोरल्या काकांपाशी आमच्या पणजोबांनी उतारवयात लिहिलेले एक टिपण आहे. त्यात एक ओळ अशी आहे की, शके १७८६त अमेरिकेच्या लढाईच्या तेजीत वाडा बांधिला. ही ओळ आम्ही सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली; तिचा अर्थ विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नव्हते. तो विचारला आमच्या धाकट्या पुतणीने. "आजोबा, लढाई अमेरिकेत आणि वाडा यवतमाळला, हे कसे?" थोरले काका वकील, त्यांनी चांगली पंधरा मिनिटे उत्तर दिले. मुलीचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

लढाईची हकीकत थोडक्यात अशी. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फूट पडली, दक्षिणेकडील संस्थाने वेगळी झाली, आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवीस तोंड लागले. लढाई सुरू होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, आणि प्रत्यक्ष कामावर असलेली सरकारी जहाजे त्या वेळी अवघी बेचाळीस! मग उतारूंच्या नावा, व्यापारी आगबोटी, देवमासे मारणारी गलबते, जे मिळेल ते विकत घेऊन त्यांवर तोफा चढविण्यात आल्या. युद्ध संपेपर्यंत या आरमारात सुमारे पावणेसातशे जहाजे झाली होती. दक्षिणेचे मुख्य धन कापूस. तो धक्क्यांवरच पडून राहिला, आणि इकडे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या, कारण त्यांचा बराच मोठा कापूस अमेरिकेहून येत असे. इ. स. १८६० मध्ये इंग्लंडात येणाऱ्या कापसात हिंदुस्थानचा वाटा शेकडा सोळाच्या आसपास होता. १८६२ मध्ये तो शेकडा पंचाहत्तरपर्यंत चढला.

वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके वेगळे काढून त्यांचा निराळा जिल्हा झाला तो याच धामधुमीत, १८६४ मध्ये. त्यास पुढे पुष्कळ वर्षे वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये पडले. आगगाडी नागपुरास पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे लढाई संपून गेल्यावर. तोवर येथील कापूस बैलगाड्यांतून आणि बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पश्चिमेकडे जाई. लिव्हरपूलच्या बाजारात त्यास 'उमरा' म्हणत. हा आपल्या उमरावतीचा अपभ्रंश होय. तेथील गिरणीवाल्यांस हिंदुस्थानचा कापूस मुळीच प्रिय नव्हता. धागा आखूड, आत सरकी आणि कचरा. आणि भाव चढला तशी त्यात माती व पाणी घालण्याची विद्याही आपल्या लोकांनी चटकन हस्तगत केली. ती इतकी की, मुंबई सरकारास १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी भाव चौपटीवर गेलाच. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यातूनच विद्यापीठास आपल्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा दिला. मनोरा आजही घड्याळ दाखवितो. बाकीचा पैसा १८६५ मध्ये लढाई संपताच ओहोटीच्या पाण्यासारखा निघून गेला आणि नामांकित पेढ्या बुडाल्या.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही इतिहासात सापडेल. आमच्या पुतणीचा पुढचा प्रश्न मात्र निराळा होता. त्या बेचाळिसांच्या पावणेसातशे जहाजांवर चढली ती माणसे कोण?

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त वॉशिंग्टन शहरी राहतो. त्यास पत्र गेले, आणि सुटीच्या दिवशी तो तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात जाऊन बसू लागला. तो कळवितो की, पायदळातील शिपायाचा शोध लावणे सोपे. तो एका संस्थानाच्या एका पलटणीत भरती होई व बहुधा तेथेच राही. खलाशाचे तसे नाही. तो ज्या बंदरात सापडे तेथे भरती होई, या जहाजावरून त्या जहाजावर बदले, आणि पुष्कळदा नावही खोटेच सांगे. तेव्हा प्रथम भरतीच्या साप्ताहिक याद्या, मग प्रत्येक जहाजाचा तिमाही हजेरीपट, त्यानंतर जहाजाची रोजनिशी, आणि शेवटी असलीच तर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, अशा क्रमाने एकेका माणसाचा माग काढावा लागतो. अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार व अहवाल सरकारने १८९४ पासून १९२२ पर्यंत तीस जाड ग्रंथांत छापून काढले आहेत. खलाशी बापडा या याद्यांच्या रकान्यांतच राहिला. परंतु रकाने मात्र पुष्कळ: वय, जन्मस्थान, पूर्वीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, अंगावरील खुणा. लिहिता न येणाऱ्याची फुली.

या याद्या चाळूनच अलीकडच्या संशोधकांनी अठरा हजारांवर कृष्णवर्णी खलाशांची नावे निश्चित केली. लढाईच्या काळात सर्व मिळून लाखावर माणसे त्या आरमारात भरती झाली होती हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पायदळाने कृष्णवर्णीयांस घेण्यास पुष्कळ घोळ घातला. आरमाराने आरंभापासूनच घेतले. यादीत जन्मस्थान म्हणून हिंदुस्थान लिहिलेली माणसेही आढळतात. पण नावे पाहावी तर साहेबी थाटाची. कोठल्या बंदरातला कोण गडी, आणि कोणत्या कारकुनाने त्याचे बारसे केले, हे त्या एका ओळीवरून उलगडत नाही.

भाच्याने धाडलेल्या हकीकतींपैकी एक आमच्या घरातील स्त्रियांनी दोनदा वाचून घेतली. दक्षिणेच्या चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' नावाची एक आगबोट होती. ती मुळात बांधली होती कापूस वाहण्यासाठी. लढाईत ती तोफा वाहू लागली. तिचे सुकाणू रॉबर्ट स्मॉल्स या तेवीस वर्षांच्या गुलामाच्या हाती असे. बंदराची खडान्खडा माहिती असूनही त्यास वाटाड्या हा हुद्दा देत नसत, कारण गुलामास हुद्दा कसा द्यावयाचा! १२ मे १८६२ च्या रात्री गोरे अधिकारी जहाज सोडून घरी झोपावयास गेले. पहाटेपूर्वी स्मॉल्सने शेगडी पेटविली, दुसऱ्या एका धक्क्याशी लपून बसलेल्या बायकामुलांस वर घेतले, कप्तानाची टोपी डोक्यावर चढविली आणि एकामागून एक किल्ल्यांसमोरून, प्रत्येक ठिकाणी ठरलेली शिटी देत, बोट बाहेर काढली. खुल्या समुद्रात उत्तरेची जहाजे तोफा रोखून उभी होती. तेव्हा त्याची बायको हॅना हिने आणलेली पांढरी चादर निशाण म्हणून वर चढली. बोटीवर सोळा जीव होते. आमच्या आत्याबाईंनी ऐकून विचारले की, मुले रडली असती तर? याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात नाही. पुढे हा मनुष्य अमेरिकेच्या कायदेमंडळात निवडून गेला, आणि ज्या घरी तो गुलाम म्हणून जन्मला ते घर त्याने विकत घेतले.

दक्षिणेच्या बाजूचे एक जहाज तर आपल्या किनाऱ्यापर्यंत आले होते. 'अलाबामा' ही लढाऊ आगबोट इंग्लंडात बर्केनहेड येथे बांधली गेली व जुलै १८६२ मध्ये गुपचूप निसटली. कप्तान सेम्स दक्षिणेचा. खलाशी बहुतेक लिव्हरपूलचे, पगारासाठी चढलेले. उत्तरेची व्यापारी जहाजे धरावी, माणसे उतरवून घ्यावी आणि जहाज पेटवून द्यावे, हा तिचा उद्योग. अशी साठांवर जहाजे तिने धरली. जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या किनाऱ्यापुढे तिने मुंबईहून रिकामेच निघालेले 'एमा जेन' हे अमेरिकन जहाज जाळले आणि कैद्यांस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर अंजेंगो येथे उतरविले. म्हणजे ज्या हंगामात आमच्या पणजोबांचा कापूस गाड्यांवर चढत होता, त्याच हंगामात या यादवीची आग हिंदी महासागरात दिसत होती, आणि यवतमाळात तिची गंधवार्ताही नव्हती! त्याच वर्षी १९ जून रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यापुढे उत्तरेच्या 'किअरसार्ज'ने तिला बुडविले. बुडालेल्यांत डेव्हिड व्हाइट नावाचा एक कृष्णवर्णी पोरगा होता. तो कोणा प्रवाशाचा गुलाम. धरलेल्या जहाजावरून सेम्सने त्यास उचलून आणला व आपल्या अधिकाऱ्यांच्या सेवेस ठेवले. त्यास पोहता येत नव्हते.

आणखी एक हकीकत सांगून समुद्र सोडतो. 'मॉनिटर' हे फिरत्या तोफखान्याचे लोखंडी जहाज ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे वादळात बुडाले. सोळा माणसे गेली. इ. स. २००२ मध्ये त्याचा तो लोखंडी बुरूज समुद्रातून वर काढला, तेव्हा आत दोन सांगाडे सापडले. हाडांवरून वय व उंची ठरविली, चेहऱ्यांचे नमुने केले, हजेरीपटाशी ताडून पाहिले, वंशजांचा शोध केला. सोळांपैकी ते दोघे कोण, हे निश्चित झाले नाही. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही लष्करी इतमामाने आर्लिंग्टन येथे पुरण्यात आले.

हे वाचीत असता थोरले काका म्हणाले, "अरे, आपलीही एक अशी यादवी झाली होती ना?" झाली होती. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. पुढे संभाजी व मानाजी या भावांत वैर माजले, पेशव्यांनी मध्ये पडून दौलत वाटून दिली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजीचे सगळे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळून खाक झाले. त्या जहाजांवरील कोळी, भंडारी, गाबीत गड्यांच्या डोळ्यांचा रंग कोणी लिहून ठेवला होता काय? सरदारांची पत्रे छापली आहेत, स्वामींची पत्रे छापली आहेत. असो.

आम्ही हे काकांस ऐकवीत होतो, तेव्हा आत्याबाई उठल्या आणि माळ्यावरून एक लाल बासन घेऊन आल्या. आत शके १७८३ पासूनच्या देवघेवीच्या वह्या, मोडी अक्षराच्या. घरात मोडी वाचणाऱ्या आता त्या एकट्याच. वह्या वाचू लागलो तेव्हा वाडा कसा बांधिला ते कळले. आमचे पणजोबा शेतकऱ्यांस पेरणीच्या वेळी उचल देत, आणि येणाऱ्या कापसाचा भाव त्याच दिवशी ठरवून घेत. हंगामापर्यंत भाव दुप्पट झाला, चौपट झाला. ती वाढ वाड्यात आली. ज्याने कापूस पिकविला त्यास पेरणीच्या दिवशीचाच भाव मिळाला. पुढे मंदी आली. नव्या बंदोबस्तात जमीन गहाण टाकता येऊ लागली होती, आणि दोनतीन वर्षांनंतरच्या पानांवर तीच नावे पुन्हा येतात. या वेळी त्यांच्यापुढे शेताची चतुःसीमा लिहिलेली आहे. हे कुलवृत्तान्तात घालावयाचे की नाही, यावर आमच्या घरी दोन रात्री वाद झाला. काकांचे म्हणणे असे की, तो त्या काळचा सर्वांचाच व्यवहार होता, आणि बुडीताचा धोका सावकारालाही असे. ते खोटे नाही. परंतु ज्या टिपणात वाड्याच्या चौकाचे माप आहे, त्यात यांपैकी एकाचेही नाव नाही.

खतांखाली सही येत नसलेल्याची खूण म्हणून नांगर काढलेला असतो. अमेरिकेतील खलाशाची फुली, आमच्या कुणब्याचा नांगर. भाच्याने धाडलेल्या हजेरीपटाच्या छायाचित्राशेजारी आमच्या पुतणीने वहीचे पान ठेवून पाहिले, आणि आपण होऊन एक कोरी वही घेऊन रकाने आखले: नाव, बापाचे नाव, गाव, उचल, ठरलेला भाव, पुढे काय झाले. डोळ्यांचा रंग हा रकाना तिने आधी आखला व मग खोडला.

आता रोज रात्री जेवणे झाल्यावर आत्याबाई वाचतात आणि ती लिहून घेते. आजपर्यंत त्रेसष्ट नावे झाली. काकांनी कुलवृत्तान्ताच्या शेवटी त्यांस चार पाने देण्याचे कबूल केले आहे. आम्ही सहा मागत आहोत. वऱ्हाडातील आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर शके १७८३ ते १७८७ च्या वह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्यास घालण्यापूर्वी एकदा खाली काढाव्या, आणि घरात मोडी जाणणारे माणूस असेल तर ते आहे तोवरच काढाव्या. वाळवीने खाल्लेल्या पानांखाली हळद पसरून ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी, असे आत्याबाईंनी मुद्दाम लिहावयास सांगितले आहे.